पत्त्यात पाती नाही

श्रीपादपंत हे देवासच्या थोरल्या पातीच्या कचेरीत टपाल उतरवून घेणारे कारकून. माणूस सरळ, पण संशयी किती म्हणाल? बायकोनं दुधात चिमूटभर साखर जास्त घातली, तर हिला आज काय मागायचंय म्हणून वाटी खाली ठेवायचे!

देवास म्हणजे एका गावात दोन राज्यं. रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी. राजे दोन, कचेऱ्या दोन, शिक्केही दोन. समोरच्यांचं पाकीट एकदा पंतांकडून चुकून फोडलं गेलं आणि महिनाभर जाबजबाब चालले. तेव्हापासून पाकिटावर पातीचं नाव नसलं की तो समोरच्यांचा डाव, असं त्यांनी धरूनच ठेवलं. लाल शाईनं शेरा मारायचा आणि पाकीट परत.

१९०८च्या उन्हाळ्यात त्यांच्या शरच्चंद्रानं इंदूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाची परीक्षा दिली. त्याला रसायनशास्त्र शिकायला पुण्याला जायचं होतं. पण इंदूरचं कॉलेज अलाहाबाद युनिव्हर्सिटीचं, पुण्याचं मुंबई युनिव्हर्सिटीचं. पुण्याहून उत्तर आलं की शेकडा पंचेचाळीस गुण असतील तर दुसऱ्या वर्षात घेऊ, मात्र गुणांचा दाखला दरबारच्या शिक्क्यासह वीस जूनच्या आत पोचला पाहिजे. म्हणून इंदूरहून तो दाखला परस्पर दरबारच्या कचेरीत यायचा होता.

जून लागला तरी दाखल्याचा पत्ता नाही. पंतांचा पहिला संशय पोरावर. नापास झालाय आणि दडवतोय, दुसरं काय! त्यांनी गुपचूप त्याची ट्रंक उपसली. त्यांच्या बायकोनं, सुमंगलाबाईंनी, डोक्याला हात लावला. मग संशय गेला समोरच्या कचेरीतल्या भगवंतरावांवर. त्यांचा मुलगा मॅट्रिकला दोनदा आपटलेला. त्यांना दुसऱ्याचं भलं कसं बघवणार? पंत कधी नव्हे ते रस्ता ओलांडून गेले. भगवंतरावांनी टपालाची सगळी वही उलगडून दाखवली. तरी पंत घरी येऊन म्हणाले, बोलताना सारखा घाम पुसत होता. अहो, जूनमध्ये कोण पुसत नाही?

शरच्चंद्र रोज विनवायचा, मी इंदूरला जाऊन घेऊन येतो. पंत जाऊ देईनात. पोराच्या हाती दाखला पडला तर वाटेत आकडे बदलील, ही धास्ती. अखेर वीस तारीख उलटली, तेव्हा कुठे त्यांनी टांग्याला परवानगी दिली.

तो परतला आणि एक पाकीट त्यानं वडिलांपुढे ठेवलं. वर पत्ता होता, ‘दरबार कचेरी, देवास.’ खाली लाल शाईत, ‘पत्त्यात पाती नाही. परत.’ अक्षर पंतांचंच. तेव्हा त्यांना पोस्टमन तुकाराम आठवला. ‘ले लो नी पंतजी, इंदौर के कॉलेज की है,’ म्हणत तो अजिजी करत होता, आणि समोरच्यांनी फितवलाय म्हणून पंतांनी त्याला हाकलून दिलं होतं.

आत दाखला होता. शेकडा एकसष्ट गुण.

शरच्चंद्र वडिलांकडे रोखून बघू लागला. मग हळूच म्हणाला, “नाना, मला पाठवायचंच नव्हतं, म्हणून मुद्दाम केलंत का?”

नाही म्हणायला पंतांनी तोंड उघडलं. पण पोराच्या डोळ्यांतली ती नजर त्यांच्या ओळखीची होती. तिला कितीही ‘नाही’ म्हणा, खरं वाटत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?