गोविंदवरची देखरेख

गुरांच्या दवाखान्यात पेशंट बोलत नाहीत, त्यामुळे किस्से साठतात ते माणसांचेच! मी गोव्यात पेडण्यातल्या अशा एका दवाखान्यात अटेंडंट. पण गोविंद आमच्याकडे होता त्या सहा महिन्यांचे किस्से मलाच अजून नीट कळलेले नाहीत.

सुरुवात पत्राने झाली. एका कैद्याला मुदतीआधी सोडतायत, त्याबदल्यात तो सहा महिने आमच्याकडे देखरेखीखाली समाजसेवा करणार. डॉक्टर मॅडमनी पत्र माझ्या हातात दिलं.

"गावकर, देखरेख तुमची."

"म्हणजे काय करायचं, मॅडम?"

"लक्ष ठेवायचं."

"कशावर?"

मॅडमनी पत्र उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी!

*

पहिल्या दिवशी नऊ वाजता दारात दोघं. एक इस्त्रीच्या शर्टातला, हातात फाईल. दुसरा दाढी वाढलेला, डोळे लाल. मी फाईलवाल्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि दाढीवाल्याला झाडू दिला.

अर्धं आवार झाडून तो म्हणाला, "आता तरी माझी म्हस बघतल्यात?"

फाईलवाला कप ठेवून उभा राहिला. "साहेब, गोविंद तो मी."

*

एका शनिवारी दुपारी कुलूप लावून मी म्हापशाला गेलो. भाजी घेताना आठवलं, गोविंद मागच्या खोलीत बादल्या धुतोय! आणि पाचला त्याची पोलीस ठाण्यात हजेरी. चुकली तर परत तुरुंग!

स्कूटर अशी हाणली की विचारू नका. दार उघडलं, तर हा शांत बसलेला.

"अरे, खिडकीतून हाक तरी मारायचीस! समोर रस्ता आहे."

"कुलूप तुम्हीच लावलंत ना, साहेब? मला वाटलं, नियम बदलला."

पाचला पाच मिनिटं असताना पोचलो.

*

मग तपासणीला तुरुंगाकडून अधिकारी आले. देखरेखीची वही उघडून मोठ्याने वाचायला लागले, "गावकर साहेब चहाला, अकरा ते पावणेबारा. गावकर साहेब जेवायला, एक ते अडीच... हे काय?"

गोविंद म्हणाला, "देखरेखीचं रोज लिहीत जा, असं साहेबच म्हणाले होते."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "गावकर, शिक्षा नेमकी कुणाला झालीय?"

*

त्याचा गुन्हा आम्ही कधी विचारला नव्हता. एका शुक्रवारी एक म्हातारे गाय घेऊन आले. उजव्या हाताला तीन बोटं नाहीत. त्यांना पाहताच गोविंदच्या हातून बादली सुटली.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "बांधाच्या भांडणात ह्यांच्यावरच कोयता चालवला मी."

म्हाताऱ्यांनी दावं त्याच्यापुढे केलं. मग म्हणाले, "गाय धर."

त्याने धरली. मॅडमनी तपासलं. "आजोबा, गाय ठणठणीत आहे."

"खबर आसा माका." ठाऊक होतं, तरी आणली होती!

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तीच गाय, पुन्हा "गाय धर." त्यानंतर एक शुक्रवार चुकला नाही. दोघांत दुसरा शब्द नाही. गोविंद गुरुवारपासूनच जेवायचा नाही.

त्याच्या शेवटच्या दिवशीही म्हातारे आले. दावं गोविंदच्या हातात दिलं आणि स्टँडकडे चालू लागले. मी मागे धावलो.

"आजोबा, गाय?"

"ती आता ताची. ताका विचार," गोविंदकडे हात करून म्हणाले, आणि गावाकडच्या बसमध्ये चढले.