काळ्या पडद्यावरची बाराखडी

बारावीनंतर मी डी.एड.ला जाणार, हे आमच्या घरात न बोलताच ठरलेलं होतं. पण नव्वदीचं दशक सरत आलं असताना नारायणगावकडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरची पदवी सुरू झाली, आणि मी तिकडे जायचं म्हणून अडून बसले.

"बी.सी.एस. म्हंजी काय गं?" आईनं विचारलं.

"कॉम्प्युटरचं बी.एस्सी."

"मग मास्तरीण व्हणार का न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. चुलते म्हणाले, "टायपिंगच असंल. शिकू द्या, वाया न्हाई जायाचं." वडील दुसऱ्या दिवशी धुतलेली टोपी घालून माझ्याबरोबर एसटीत बसले आणि माझा प्रवेश घेऊन आले.

आमचं घर आणे गावात, पठारावर. सकाळची गाडी घाट उतरायची तेव्हा खाली आळेफाट्याकडं धुकं पसरलेलं असायचं. खिडकीला डोकं टेकून मी अर्धवट झोपेत असायची. त्या तीन वर्षांतलं पुष्कळसं मला त्या झोपेतूनच आठवतं. धुक्यातून हळूहळू वर येणारी कांद्याचे वाफे, विजेचे खांब, द्राक्षांचे मांडव, आणि मग एकदम उजेड.

लॅबचं दार उघडलं की मात्र वेगळीच हवा लागायची. चपला बाहेर काढायच्या, जाड पडद्याआडून आत जायचं. आत गार, निळसर अंधार, नव्या प्लास्टिकचा वास आणि यंत्रांची एकसारखी घरघर. आम्ही कुजबुजतच बोलायचो. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. पावलांना फरशी इतकी थंड लागायची की उन्हाळ्यातसुद्धा अंगावर काटा यायचा. काळ्या पडद्यावर एक छोटी रेघ लुकलुकत असायची, आपण काहीतरी बोलावं म्हणून वाट बघत असल्यासारखी.

यंत्रं कमी, त्यामुळे एकावर दोघी. माझ्या वाट्याला जुन्नरची एक मुलगी आली. तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. तिच्या हाताच्या नखांत कधी कधी लाल-पिवळा रंग असायचा, कारण सुटीच्या दिवशी अक्षरांच्या आतलं भरण तीच करायची. आम्ही दोघी प्रोग्राम आधी कागदावर लिहायचो आणि कागदावरच चालवून बघायचो. ती यंत्र व्हायची, मी आज्ञा द्यायची. चूक झाली की ती डोळे मिटून गप्प बसायची, विजेवाचून बंद पडलेल्या यंत्रासारखी, आणि मी हसू आवरेपर्यंत हलायची नाही.

दुसऱ्या वर्षी कॉलेजानं पालकांना लॅब बघायला बोलावलं. तिचे वडील आले. पांढरा सदरा, हात मागे बांधलेले. आम्ही त्यांना पडद्यावर गोल, चौकोन, रंग बदलणारी चांदणी दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग मला म्हणाले, "बेटा, लई भारी हाय. पण यात आपली अक्षरं न्हाईत का?"

"नाहीत, चाचा. इंग्रजीच आहेत."

"असं?" ते म्हणाले. त्यांना वाईट वाटलं नव्हतं, नुसतं नवल वाटलं होतं. पण माझी मैत्रीण त्या दिवशी जेवणाच्या सुटीत डबा न उघडताच बसली. "आपण करू या," ती म्हणाली.

"काय?"

"अक्षरं."

शेवटच्या वर्षी प्रत्येक जोडीला एक प्रकल्प करावा लागे. बाकीच्यांनी दवाखाना, वाचनालय, पगारपत्रक असे विषय घेतले. आम्ही बाराखडी म्हटल्यावर आमचे सर हसले, मग टेबलावर बोटं वाजवत राहिले. "परीक्षकांना चालेल का, सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण करा. मलाही बघायचंय."

पडद्यावरचं प्रत्येक अक्षर ठिपक्यांचं असतं. आम्ही आलेखाचे कागद आणले. चौकटी भरायचं काम तिचं, त्या भरलेल्या चौकटींचे आकडे करून यंत्राला सांगायचं काम माझं. 'ळ' तिला सर्वांत आवडायचा. 'ज्ञ' काही केल्या जमेना; तो ठिपक्यांत आला की मुरगळलेल्या दोरीसारखा दिसायचा. त्या दिवसांत मला सगळीकडे चौकटी दिसायच्या. लावणी झालेल्या वाफ्यात कांद्याची रोपं ओळीनं उभी असायची, आणि मध्येच दोन रोपं नसली की मला वाटायचं, इथं कुणीतरी अक्षर सुरू करून सोडलंय.

मग अडलं ते पहिल्या वेलांटीपाशी. 'कि' म्हणताना आपण आधी क म्हणतो, पण लिहिताना वेलांटी क-च्या अलीकडे येते. आमच्या पडद्यावर क आधीच येऊन बसलेला असायचा, आणि नंतर आलेली वेलांटी त्याच्याच अंगावर चढायची. किती दिवस आम्ही त्या एका वेलांटीशी झटलो!

एका संध्याकाळी परतीच्या गाडीत माझ्या शेजारची तेवढी एक जागा रिकामी होती. आळेफाट्याला एक म्हातारी चढली आणि माझ्या सीटपाशी येऊन म्हणाली, "सरक गं बाई वाईच, खिडकीला बसू दे. मला गाडी लागती." मी सरकले. म्हातारी खिडकीत बसली, मी तिच्या पलीकडे. गाडी घाट चढू लागली, माझा डोळा लागला, आणि झोपेतच मला दिसलं की मीच क आहे, आणि वेलांटी येऊन म्हणतेय, सरक गं वाईच. मी दचकून जागी झाले. क पुसायचा, त्याच्या जागी वेलांटी बसवायची आणि क पुन्हा एक घर पुढं काढायचा. एवढंच होतं! मी मोठ्यानं हसले. म्हातारीनं आपल्या पिशवीतला पेरू काढून माझ्या हातावर ठेवला, बहुधा मला शांत करायला.

परीक्षेच्या दिवशी पुण्याहून परीक्षक आले. उंच, केस पिकलेले, कमी बोलणारे. आमच्या यंत्रापुढं बसून त्यांनी चष्मा पुसला.

"मराठी अक्षरं? अहो, ही पुण्यात तयार मिळतात. तुम्ही नवीन काय केलंत?"

मैत्रीण सावकाश म्हणाली, "सर, ती तयार अक्षरं आम्ही बघितलेली नाहीत. ही आम्ही केलीत. तुम्ही काहीतरी लिहून बघा ना. तुमच्या गावाचं नाव लिहा."

ते तिला विचारत विचारत एकेक कळ दाबू लागले.

आमचं यंत्र धिमं होतं. शब्द पुरा झाला की ते तो पुन्हा मोठ्या अक्षरांत, वरून खाली, एकेक ओळ करत काढायचं. आधी काळ्या पडद्यावर अनुस्वाराचा ठिपका आला. मग मात्रेचं टोक. मग लांब शिरोरेषा, आणि तिच्याखाली हळूहळू बाकीचं उतरलं: आंबेगाव.

"तालुका का, सर?" मी विचारलं.

"न्हाई. गाव," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम आमच्या भागातला झाला. "जुनं आंबेगाव. डिंभ्याच्या धरणात गेलं ते. आता नाव नुसतं तालुक्याला ऱ्हायलंय." त्यांनी बोट पडद्याजवळ नेलं, पण काचेला लावलं नाही. "उन्हाळ्यात पाणी उतरतं ना, तवा देऊळ असंच दिसतं. आधी कळस. मग शिखर. मग सगळं."

त्यांनी शब्द पुसला आणि पुन्हा लिहिला. पुन्हा ठिपका, टोक, रेषा. आम्ही तिघंही ते उतरताना बघत राहिलो. मग त्यांनी चष्मा काढला, आपल्या पुण्याच्या आवाजात दोन-चार कठीण प्रश्न विचारले, आमच्या एका उत्तरातली चूक दाखवली आणि पुढच्या जोडीकडे गेले.

गुण बरे मिळाले, पहिले नाही. पहिला नंबर दवाखान्याला गेला.

निकाल लागेपर्यंत लॅब रिकामीच असायची, आणि सर आम्हाला किल्ली द्यायचे. मैत्रीण म्हणाली, "आता अम्मीची अक्षरं." तिची आई उर्दू वाचायची. ती अक्षरं उजवीकडून डावीकडे चालतात, एकमेकांचे हात धरून. मला एकही येत नव्हतं, म्हणून या वेळी आकडे तिनं केले आणि चौकटी मी भरल्या. बाहेर ऊन तापलेलं असायचं, आत पडद्याआड थंड सावली. मी सवयीनं डाव्या कडेला डोळे लावून बसायची, आणि अक्षर पलीकडे उगवायचं. ती माझी हनुवटी धरून हळूच मान वळवायची.

"तिकडं नाही," ती म्हणायची, "हितं बघ."