खोकला आणि बांगडी

भासरे गेल्याचा निरोप घेऊन मारेगावचा माणूस आला तेव्हा मी अंगणात तुरीची डाळ पाखडत होते. भासरे म्हणजे माझ्या यजमानांचे थोरले भाऊ. लेकीच्या घरी, मारेगावला, नातवाच्या बारशाला ते जाऊबाईंसोबत गेले होते आणि त्याच आठवड्यात परत येणार होते. त्या माणसाने चपला काढल्या आणि पुढे केलेलं पाणी घेतलं नाही, त्यावरूनच सासूबाईंना कळलं. घरात रडारड सुरू झाली. मलाही रडू आलं, पण त्याच्या आधी मनात आलं, जेवले होते का? सकाळची मधुमेहाची सुई घेऊन जेवायला उशीर तर झाला नव्हता? घाम फुटला तेव्हा जवळ कोणी होतं का, आणि जे होतं त्याला ते समजलं का? पण रडत्या घरात सून विचारते की जेवले होते का, तर लोकांनी काय म्हटलं असतं... तो प्रश्न मी तेरवीपर्यंत पोटात घेऊन फिरले.

आमच्या बोरीच्या घरात सुनेने भासऱ्यांसमोर यायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांच्यावर आपली सावली पडू द्यायची नाही, अशी रीत. काही सांगायचं असेल तर मुलाबाळाच्या तोंडून सांगायचं. घरात मूल नसेल तर दाराच्या चौकटीकडे तोंड करून, तिलाच निरोप दिल्यासारखं म्हणायचं, "म्हणा, पान वाढलं हाय." मला ही रीत कधी जड गेली नाही. मुळात मी बोलकी नाही. चार माणसांत तोंड उघडायचं माझ्या जिवावर येतं. चौकटीशी बोलणं त्या मानाने सोपं होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी भासऱ्यांचे पाय ओळखत होते, टाचांच्या भेगा ओळखत होते, दारव्ह्याच्या कचेरीत लिहून लिहून मधल्या बोटावर पडलेला घट्टा ओळखत होते. चेहरा मात्र नीट पाहिला नव्हता. कपाळावर पदर ओढला की माणूस छातीपर्यंतच दिसतो.

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या सुमारास त्यांना मधुमेह झाल्याचं निघालं. अंगावरचं मांस उतरलं, तांब्यामागून तांबे पाणी पिऊ लागले, मोरीला मुंग्या लागू लागल्या. यवतमाळच्या डॉक्टरांनी रोजची सुई लावून दिली. काचेची सुई जाऊबाई लहान पातेलीत उकळून द्यायच्या आणि औषधाची बाटली ओल्या वाळूवरच्या मडक्यात ठेवायच्या. भासरे स्वतःच्या मांडीला स्वतः टोचून घ्यायचे. डॉक्टरांनी निघताना बजावून सांगितलं होतं, सुई घेतली की जेवायला उशीर करायचा नाही. घाम आला, हात कापू लागले, माणूस भलतंच बोलू लागला, तर समजायचं की अंगातली साखर उतरली, आणि काही न विचारता आधी गोड द्यायचं. जाऊबाईंनी हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा मी दाराआड होते. सासूबाई म्हणाल्या, "ज्या साखरेनं रोग झाला, तेच पुन्हा खाऊ घालाची? डॉक्टरले पोरंबाळं नाईत वाटते!" आणि त्यांनी गूळ, साखर, काकवीची बरणी, सगळं कोठीत टाकून कुलूप लावलं. किल्ली कमरेला. सकाळी चहापुरता गूळ तेवढा हातावर काढून द्यायच्या. आपल्या लेकाला जपण्याची त्यांची तीच तऱ्हा होती.

भासरे पेन्शनीत निघून घरी बसू लागले, त्या हिवाळ्यातली गोष्ट. बाजाराचा दिवस होता. सासूबाई आणि जाऊबाई बाजाराला गेल्या होत्या, हे शेतावर होते. "तुम्ही आल्यावरच जेवतो," असं भासऱ्यांनी जाऊबाईंना सांगितलं होतं, आणि बाजारात बायांना वेळ लागतोच. मी दाराच्या फटीतून पाहिलं तर भासरे ओसरीत बसून सदऱ्याचं बटण लावत होते. ते लागलेलंच होतं. ते काढायचे आणि पुन्हा लावायचे, आणि बटणावरच ओरडायचे, "अबे, जाय ना आत! तुले का तहसीलदाराची सही पाह्यजे?" मला हसू आलं. मग त्यांच्या मानेवर नजर गेली. थंडीचे दिवस, आणि मान ओलीचिंब.

सकाळच्या गुळातला खडा राखून केलेला माझा दुपारचा चहा चुलीजवळ होता. तो मी गार करून उंबऱ्याबाहेर हात पोचेल तिथवर सरकवला आणि चौकटीला म्हटलं, "म्हणा, चहा ठेवला हाय." ते बटणाशीच बोलत राहिले. पुन्हा म्हटलं. काही नाही. मग मी हातातल्या बांगड्या चौकटीवर जोरात आपटल्या, दोन फुटल्यासुद्धा, आणि जन्मात ओरडले नव्हते तशी ओरडले, "घ्या म्हणा! आता घ्या!" ते दचकले, आणि कोणी साहेबाने दरडावल्यासारखे मुकाट्याने चहा प्यायले. मी आत भिंतीला टेकून बसले. फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे पदरात वेचले. बऱ्याच वेळाने बाहेरून खोकला आला, स्वच्छ, आणि भासरेही चौकटीलाच म्हणाले, "त्याईले सांगा, आता बरं वाटते. अन् सांगा का, चहा लय गोड होता."

तेव्हापासून आमचं ठरून गेलं. ते दोघांपैकी कोणीच बोलून ठरवलं नाही, आपोआप झालं. घरात कोणी नसलं की मी मधूनमधून बांगड्या वाजवायच्या आणि ओसरीतून त्यांनी खोकायचं. खोकला आला नाही, की चहा सरकवायचा. पुढे पुढे मला नुसत्या खोकल्यावरून समजू लागलं. बरे असले की खोकला आखूड, कचेरीतल्यासारखा. साखर उतरू लागली की तो लांबायचा, त्यात राग असायचा, आणि मग ते जाऊबाईंना आपल्या कचेरीतल्या जुन्या चपराशाच्या नावाने हाक मारायचे. जाऊबाई स्वभावाने मोकळ्या, त्या मला चिडवायच्या, "काय व, तुमचं दोघाईचं हे काय चालू हाय? मी लग्नाची बायको, मले त्याईनं कधी खोकून नाई दाखवलं!" मी लाजून चुलीत तोंड घालायची. ओसरीत भासरे हसायचे, तो आवाज यायचा.

खरी पारख झाली ती महालक्ष्म्यांच्या दिवशी. आमच्याकडे त्या दिवशी नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी तोंडात पाणीसुद्धा घालत नाही, आणि सोळा भाज्या, पुरण, आंबील, वडे होईतो दिवस कलतो. भासऱ्यांनी सवयीने सकाळी सुई घेतली होती. सुईला सण कळत नाही, आणि कामाच्या गर्दीत ते आम्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. पंगतीला गावातले सोयरे, शेजारच्या बाया, घर नुसतं भरलेलं. बांगड्या वाजवल्या तरी कोणाला ऐकू जाणार? आरतीला सगळे देवीसमोर उभे राहिले आणि भासरे कापू लागले. आधी हात, मग सगळं अंग. घामाने कपाळ निथळलं, डोळे कुठेतरी लागले, आणि ते मोठ्याने काहीबाही बोलू लागले. एक म्हातारी ओरडली, "माय माय! अंगात आली व! महालक्ष्मी आली!" झालं. बाया धडाधड पाया पडू लागल्या. कोणी त्यांच्या कपाळावर कुंकू फासलं, कोणी लिंबू आणायला धावलं, कोणी विचारलं, "आई, माह्या पोरीचं लगन कधी जुळन?" आणि सासूबाई, ज्यांच्या कमरेला कोठीची किल्ली होती, त्या आपल्याच लेकाच्या पायावर डोकं ठेवून होत्या.

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. जाऊबाई मागच्या अंगणात पत्रावळींपाशी. मी कोणाला तरी सांगायला तोंड उघडलं, पण त्या गलक्यात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. भासरे मागे कलू लागले. लोक म्हणाले, "धरू नका, देवी हाय!" ... मग माझे पाय कसे निघाले, ते मला आजही सांगता यायचं नाही. मी बायांच्या मधून गेले. देवीसमोर नैवेद्याचं ताट मांडलेलं होतं, अजून दाखवलेलं नव्हतं. त्यातली खिरीची वाटी उचलली, भासऱ्यांच्या पुढ्यात बसले, त्यांच्या खांद्याला धरून टेकवलं आणि माझ्या हाताने चमच्यामागून चमचा त्यांच्या तोंडात खीर घातली. पदर कधी खांद्यावर पडला, समजलं नाही. मागून कोणी म्हणालं, "अव, भासरा हाय तो तुहा!" कोणी म्हणालं, "नैवेद्य उष्टावला व बाईनं!" ते गिळत होते का, तेवढंच मी पाहत होते. गिळत होते.

आरती थांबली होती. सगळं घर माझ्याकडे पाहत होतं. वाटी संपली, आणि थोड्या वेळाने त्यांची नजर जागेवर आली. त्यांनी समोर मला पाहिलं असावं, कारण लगेच डोळे मिटले. मी उठले आणि स्वयंपाकघरात पळाले. बाहेर सासूबाईंचा आवाज चढला होता, "कुळाचा नैवेद्य होता तो! काय म्हणन आता देवी?" मग भासऱ्यांचा आवाज आला, थकलेला पण शुद्धीतला. त्यांनी कपाळावरचं कुंकू पुसलं म्हणे, बोटाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "माय, तुह्या महालक्ष्मीनं एकच सांगतलं मले. जेव म्हणे, गाढवा." आधी अंगणातून धावत आलेल्या जाऊबाई हसल्या, मग एकेक करून सगळे. नैवेद्याचं ताट पुन्हा मांडलं गेलं.

सासूबाई बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांना सकाळीच त्या चुलीपाशी आल्या, एक झाकलेलं ताट माझ्याकडे सरकवलं आणि इकडे तिकडे पाहून म्हणाल्या, "त्याले मागच्या दारानं दे. देवीले काई सांगू नोको." नंतर कधीतरी गुळाचा डबाही कोठीतून चुलीजवळच्या फळीवर आला. रीत मात्र आम्ही मोडली नाही. दुसऱ्याच दिवसापासून माझा पदर पुन्हा कपाळावर होता आणि भासरे पुन्हा चौकटीशी बोलत होते. एक गोष्ट वाढली. वर्तमानपत्र वाचून झालं की ते घडी करून उंबऱ्यावर ठेवू लागले. मी चौथीपर्यंत शिकलेली आहे, हे त्यांना कोणी सांगितलं, ठाऊक नाही. मी ते दुपारी हळूहळू वाचायची. न कळलेला शब्द विचारायची हिंमत मला कधी झाली नाही.

त्यानंतरही त्यांची साखर किती वेळा उतरली, पण घरात कोणी घाबरलं नाही. सासूबाईसुद्धा म्हणू लागल्या, "पाय व, तो बटणाशी भांडून राह्यला का?"

तेरवीला सगळे जमले होते. दुपारी आवराआवर करताना जाऊबाई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि मी काही न विचारताच म्हणाल्या, "जेवले होते व ते. वरणभात, मेथीची भाजी, पोटभर. बाळाले मांडीवर घेऊन बसले होते. छातीत कळ आली म्हणे, अन् गेले. साखर नव्हती उतरली. म्या हात लावून पाह्यला, अंग कोरडं होतं." मग म्हणाल्या, "तुह्या मनात तेच असंन, मले मालूम होतं." मी तेव्हा रडले. इतके दिवस रडले होते ते घराबरोबर. हे माझं होतं.

परवा यवतमाळहून फोटो आला. पेन्शनीत निघाले तेव्हा कचेरीच्या लोकांनी काढवलेला; जाऊबाईंनी मोठा करून चौकटीत बसवायला दिला होता. यांनी तो ओसरीत खिळ्याला टांगला. संध्याकाळी मी ओसरीत दिवा लावून बाजेजवळ ठेवला आणि सवयीने पदर पुढे ओढून खाली पाहत उभी राहिले. सासूबाई बाजेवर बसून होत्या. म्हणाल्या, "आता कायले पदर घेतं व? पाय ना त्याच्याकडं."

मी मान वर केली. त्यांचा चेहरा मी पाहिला होता तो फक्त दुखण्यात, पांढरा, घामाने भिजलेला, नजर हरवलेला. मला वाटायचं, तोच त्यांचा चेहरा. हा निराळाच माणूस होता. रुंद कपाळ, कोरडं. डाव्या गालावर लहानसा तीळ. आणि आता काहीतरी चेष्टा करणार, असे ओठ. मी पुष्कळ वेळ पाहत राहिले. सासूबाईंनी दिव्याची वात तेवढी पुढे सारली, मला नीट दिसावं म्हणून.