वरच्या वस्तीची दूधगाडी

वरच्या वस्तीत तिला सगळे गाडीवाली काकू म्हणत. गाडी दूधसंस्थेची; पण संस्थेच्या कचेरीत हेलपाटे घालून घालून ती डोंगरावर आणली हिने. तोवर दुधाचा कॅन डोक्यावर घेऊन उतरायचं आणि पेंडीचं पोतं पाठीवर घेऊन चढायचं. आता वर येताना गाडी स्वस्तातली पेंड आणायची, गुरांचा डॉक्टरही तिच्यातच बसून यायचा. दुधामागचा निम्मा खर्च तिथेच वाचला. अट एकच: वस्तीचं दूध रोज शंभर लिटर भरलं पाहिजे, नाहीतर गाडी बंद.

त्या शंभराने काकूच्या जिवाला घोर लावला होता. आठवडाभर आकडा एकशेदोनवर अडकलेला, आणि त्यातलं चार लिटर तिच्या तांबड्या गायीचं. गाय गाभण, सातवा महिना सरलेला. एव्हाना धार थांबवून ती आटवायला हवी हे शेंबड्या पोरालाही कळतं. ही मात्र ‘आजचा दिवस, आजचा दिवस’ करत धार काढतच होती.

“काकू, पोटातल्या वासराच्या तोंडचं काढताय तुम्ही!” डॉक्टर भडकला. “आजपासून बंद.”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी गाय हंबरू लागली, कास तटतटली. काकू उठली, बसली, पुन्हा उठली. हात आपोआप चरवीकडे जायला लागले तशी ती घराबाहेरच पडली आणि तडक धाकट्या दिराकडे गेली. तो दूध घालायचा दारात येणाऱ्या व्यापाऱ्याला, चार पैसे जास्त मिळतात म्हणून. पेंड मात्र काकूच्या नावावर, संस्थेची.

“भाऊजी, उद्यापासून गाडी बंद होणार.”

“होऊ दे की. माझं काय जातंय?”

“पोतं चढवायला तुमची पाठ जाईल.”

दिराने कोपऱ्यातल्या पेंडीच्या पोत्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “वहिनी, तुम्ही माणसाला सुखानं आडमुठेपणासुद्धा करू देत नाही.” येतो म्हणाला नाही, नाही येत असंही म्हणाला नाही.

सकाळी रांगेतलं दूध मोजून झालं. अठ्ठ्याण्णव. काकू रस्त्यावर येरझाऱ्या घालत होती. तेवढ्यात दीर तोंड वाकडं करून आला. पाच लिटर!

“आजच्यापुरतं हं,” तो गुरगुरला.

म्हणजे उद्या पुन्हा जीव टांगणीला.

“काकू, तुमचं?” ड्रायव्हरने विचारलं. गाडी आल्यापासून तिचा कॅन एकदाही चुकला नव्हता.

“शून्य लिही,” ती म्हणाली. सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढा तिने आवाज चढवला.