वावटळीचं थांबणं

सदाभावजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाईला लेकीकडे शेंगा फोडत बसले होते. फोनवर त्यांचा मुलगा विकास होता. "थोरली आई, आण्णा गेलं," म्हणाला आणि रडायला लागला. मी विचारलं, "जेवलं हुतं का?" म्हणाला, "व्हय. जेवून कॉटवर पडलं, ते उठलंच न्हाईत." "मग चांगलं गेलं. बँडातल्या लोकांना कळीव... दोन्ही बँडातल्या." लेक माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं असणार, म्हातारीला काळीज नाही. काळीज आहे. पण वाईहून आटपाडीला एसटीने पोचायचं तर आधी पिशवी भरावी लागते. रडणं गाडीत बसूनही होतं.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांना जाऊन आता महिना होत आला. मध्यंतरी एका पेपरात कुणीतरी आमच्या जुन्या वावटळ बँडाची आणि सांगलीच्या नव्या वावटळीची तुलना केली होती. एक म्हणे मातीतली आणि एक म्हणे शहरी. एकीत म्हणे काळीज आणि दुसरीत वीज. लिहिणाऱ्याने दोन्हींतलं एकही गाणं धड ऐकलेलं नसावं. मी चौथी शिकलेली बाई, लिहिण्याची सवय नाही. पण दोन्ही वावटळी माझ्या दारात वाजल्या आहेत आणि जुन्यांपैकी आता धड सांगायला कुणी उरलेलं नाही, म्हणून मी लिहिते.

मी लग्न होऊन आटपाडीला आले तेव्हा भावजी शेंबडं पोर होतं. पण दीर तो दीर, त्याला 'भावजी' म्हणायचं अशी सासूची शिस्त. मी एका हाताने त्यांचं नाक पुसायची आणि तोंडाने "भावजी, वर बघा" म्हणायची. पुढे ते पलटणीत भरती झाले आणि तिथे बँडात गेले. घरी कुणाला खरं वाटेना. सासरे म्हणायचे, "बंदूक दिली न्हाई व्हय रं तुला? पिपाणी दिली?" पेन्शन घेऊन परत आले ते एक ट्रम्पेट, पांढरे हातमोजे आणि तोंडात हिंदी शिव्या घेऊन. गावातली चार-सहा माणसं गोळा केली, जतकडचा एक मेंढपाळ गाठला. त्याला कानडी जास्त आणि मराठी कमी येत असे, पण मेंढरांना हाका मारून छाती अशी तयार झालेली की सगळ्यात मोठं पितळी वाद्य त्यालाच दिलं. बँडाचं नाव ठेवलं वावटळ. लोक म्हणाले, लग्नाच्या बँडाला असलं भुताटकीचं नाव कुणी ठेवतं का? भावजी म्हणाले, "वावटळ लांबनं दिसती, आली की टोप्या उडिवती, आन् गेली की चिडीचूप. बँड असाच पायजे."

त्यातलं 'चिडीचूप' लोकांना नंतर कळलं. आमच्याकडे वरात जाताना वाटेत कुणाचं दुखवट्याचं घर लागलं तर वाजवणं बंद करतात. सगळेच बँड करतात. थांबायचं, घर ओलांडायचं आणि पुढे जाऊन नव्याने सुरू करायचं. भावजींना ते पटेना. त्यांचं म्हणणं, गाणं मोडायचं नाही, फक्त आवाज बंद करायचा. मास्तरने हात वर केला की सगळं गप्प. पावलं मात्र चालत राहायची, गाणं प्रत्येकाने मनात पुढे न्यायचं आणि धृपद फिरून आलं की सगळ्यांनी एकदम परत पडायचं, म्हणजे एकाच ठोक्यावर वाजवायला लागायचं. परत यायची खूण कुणी द्यायची नाही. घराच्या अलीकडे सोडलेलं गाणं पलीकडे असं उगवायचं, जणू ते त्या दारासमोरही चालूच होतं, फक्त घरच्यांना त्रास नको म्हणून कुणाला ऐकू येत नव्हतं.

सांगायला सोपं आहे. तालीम आमच्या अंगणात चालायची आणि मी आत भाकरी थापत असायची. बाहेर सगळं गप्प झालं तरी माझा हात काही थांबत नसे. थापता थापता मला कळलं की त्यांचं एक धृपद फिरून येतं तेवढ्यात माझी एक भाकरी होते. भावजींनाही ते कळलं. मग तालमीची वेळ त्यांनी माझ्या चुलीवर बांधली. माणसं मागच्या परसापर्यंत वाजवत जायची, गप्प व्हायची, परत वाजवत यायची आणि भावजी दारातून विचारायचे, "वैनी, बरूबर?" मी म्हणायची, "न्हाई. परत." कधी सनईवाला पुढे पळालेला असायचा, कधी मेंढपाळ मागे राहिलेला. मी कुणाची भीड ठेवली नाही. एकदा खुद्द भावजी चुकले. मी म्हणाले, "मास्तरच चुकलं." बाहेर हसू फुटलं. भावजी म्हणाले, "वैनी, जरा तरी दिराची लाज ठेवा." मी म्हणाले, "नाक पुसलंय मी तुमचं. लाज कसली?" इतकी वर्षं मी तालमीवर भाकरी केली, पण एक भाकरी कधी करपू दिली नाही. हे मी अभिमानाने सांगते.

मग डीजे आला. त्याचं रडगाणं गात नाही. डीजे स्वस्त नव्हता, पण लोकांना छाती हादरायला हवी होती. माणसं म्हातारी झाली, कोट उंदरांनी खाल्ले, मेंढपाळ वारला. ट्रम्पेट खिळ्यावर गेलं. भावजी शेरडं राखायला लागले. दुपारी चिंच लावून ट्रम्पेट घासायचे तेवढी एक सवय उरली.

असं चाललं असताना एक दिवस जत तालुक्यातला एक गृहस्थ दारात येऊन उभा राहिला. रागाने लालबुंद. त्याच्या स्वतःच्या लग्नात आमची वावटळ वाजली होती, म्हणून मुलाच्या लग्नातही तीच हवी होती. कुणीतरी त्याला मोबाइलवर 'वावटळ' नावाचा नंबर काढून दिला. त्याने विसार दिला. आणि वरातीला उतरली कोण, तर सांगलीची चार तरुण मुलं, गळ्यात गिटार, पायात फाटक्या पँटी. त्यात ड्रम वाजवणारी एक मुलगी. त्यांच्या बँडाचं नाव 'द वावटळ'. गृहस्थ म्हणाला, "मास्तर, कोट इकलं का चड्ड्या फाडल्या?" भावजी हसले. पण पुढचं ऐकून त्यांचं हसू गेलं. वाटेत एका घरी आठवड्यापूर्वीच तरणा माणूस वारला होता. ही मुलं तिथून वाजवतच गेली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांच्या आवाजात कुणाचं ओरडणं ऐकूही गेलं नाही. "सारा गाव म्हणतोय, वावटळ दुखवट्याच्या दारात नाचली." संध्याकाळी भावजी म्हणाले, "वैनी, उद्या सांगलीला जायचं. नाव परत आणायचं हाय."

मुलं हळदीच्या जुन्या गोदामात तालीम करत. फरशीच्या भेगांत अजून हळद होती. ड्रमवर काठी पडली की पिवळी धूळ उडायची. ड्रमवाली मुलगी, मधुरा, तीच त्यांची मास्तर. भावजींनी सरळ सांगितलं, "नाव काढा." ती म्हणाली, "आजोबा, नावाचा सातबारा आहे का तुमच्याकडं?" मी म्हणाले, "सातबारा न्हाई, पण आमची वहिवाट हाय." ती हसली. मग जतची गोष्ट भावजींनी सांगितली तेव्हा मात्र तिचा चेहरा उतरला. त्या घराचं तिला माहीतच नव्हतं. म्हणाली, "आम्ही जाऊन माफी मागू." भावजी म्हणाले, "मागालच. आदी वाजवा."

वाजवलं. माझ्या कानात कुणीतरी पिठाची गिरणी सोडली असं वाटलं. पण खोटं कशाला बोलू, त्या मुलीचा हात पक्का होता. आमच्या मोठ्या ड्रमवाल्यापेक्षा पक्का. भावजी हात मागे बांधून ऐकत राहिले आणि मध्येच ओरडले, "थांबा!" तर एक इकडे थांबला, एक तिकडे, आणि गिटार आपली गुणगुणतच राहिली. भावजी म्हणाले, "वाजवाय लय भारी येतं तुमाला. थांबाय येत न्हाई." मग त्यांनी तिच्याकडून काठ्या घेतल्या आणि मला म्हणाले, "वैनी, थापा." पीठ नव्हतं, मी टेबलावरच तळहात थापायला लागले. मुलं तोंड दाबून हसत होती. भावजींनी वाजवलं, हात वर केला, गोदामाच्या टोकापर्यंत पावलं टाकत गेले, फिरून आले आणि काठी मारली, ती बरोबर माझ्या शेवटच्या थापेवर पडली. हसणं बंद झालं. मधुरा हळूच म्हणाली, "परत." तो शब्द तिच्या तोंडून ऐकला आणि मला कळलं, की नाव परत घेऊन जाणं आता भावजींना जड जाणार.

तसंच झालं. त्यांनी अट घातली. दुखवट्याच्या खऱ्या दारासमोर असं थांबून, बरोबर परत येऊन दाखवा. जमलं तर नाव तुमचं. नाही तर 'द'सकट काढून टाका. तिने विचारलं, "बरोबर आलं का नाही, ठरवणार कोण?" भावजी म्हणाले, "वैनी. ती कुणाच्या बापाला भीत न्हाई."

त्यानंतर बरेच रविवार ती मुलं आटपाडीला यायची. अंगणात वायरींचा पसारा, शेरडं बिथरलेली. आता तुलनाच करायची तर मी करते. जुन्या वावटळीत सूर गोड होता, पण निम्मे लोक दुपारनंतर शुद्धीत नसत. नवी मुलं चहा पितात आणि वेळेवर येतात. जुन्यांना एकमेकांची छाती ऐकू यायची, एकाचा दम कमी पडला तर दुसरा भरून काढायचा. नव्यांना आपापला आवाज फार आवडतो. जुनी वावटळ लांबून चांगली वाटायची, नवी जवळून. शब्द जुन्यांच्या वाजवण्यात नव्हते, नव्यांच्यात आहेत, पण कळत नाहीत, म्हणजे फिट्टंफाट. थांबण्यात मात्र दोन्हींची बरोबरी झाली नव्हती. गिटारवाला दर वेळी घाई करायचा. भावजी दारातून विचारायचे, "वैनी, बरूबर?" आणि मी म्हणायची, "न्हाई." मुलं काकुळतीला यायची. मधुरा एकदा म्हणाली, "आजी, एकदा तरी हो म्हणा की." मी म्हणाले, "म्हणीन की. तुमी बरूबर या." भावजी खूश असायचे. इतके खूश मी त्यांना पलटणीतून आल्या दिवशीही पाहिलं नव्हतं. पण त्यांच्या हयातीत काही ते जमलं नाही.

मयताला बँड लावायचा नाही असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. मुलं रिकाम्या हाताने आली, खांदा दिला आणि गेली. जुन्यांपैकी सनईवाला तेवढा काठी टेकत आला होता. त्याला आता ऐकू येत नाही.

मग सुतक फिटल्यावर आमच्याच आळीतल्या एका मुलाचं लग्न निघालं. 'द वावटळ' आधीच ठरलेली होती. मुलाचा बाप माझ्याकडे आला. "आवं काकी, तुमच्या घरात आसं झालंय. वरात मागच्या रस्त्यानं न्हेऊ का?" मी म्हणाले, "ह्याच रस्त्यानं ने. आन् त्या पोरीला सांग, काकी भाकरी करणार हाय." त्याला काही कळलं नाही, पण निरोप त्याने तसाच पोचवला.

दिवस कलताना आवाज आला. मी चुलीपुढे बसले. एक भाकरी तव्यावर टाकली आणि दुसरी थापायला घेतली. आवाज गिरणीपाशी आला, शाळेपाशी आला, भिंतीवरचं ट्रम्पेट थरथरायला लागलं आणि... बंद. एकदम. गिटारसुद्धा. वरातीतल्या शे-दीडशे माणसांच्या चपला तेवढ्या ऐकू येत होत्या. विकास दारात उभा होता, त्याने मान खाली घातली. मी थापत राहिले. दारासमोरून त्यांची ड्रम आणि स्पीकर ठेवलेली ट्रॉली गेली. मी बाहेर बघितलं नाही. बघायचं नसतं, ऐकायचं असतं. भाकरी गोल झाली, कड आली, शेवटचा हात उचलला... आणि तो खाली पडला तेव्हा पलीकडे सगळी वावटळ एकदम पडली. गिटारवालासुद्धा.

वरात पोचती करून मधुरा तशीच मागे आली. अंगावर लग्नातली हळद उडालेली, कपाळाला अक्षता चिकटलेल्या. आत आली नाही. दारात जिथे भावजी उभे राहायचे तिथेच उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, बरोबर?"

मी म्हणाले, "व्हय. नाव ठेवा."

ती रडायला लागली. मी म्हणाले, "रडायचं काय त्यात? आता हीच रीत पाळा, न्हाई तर काढून घीन." ती डोळे पुसत हसली. जाताना तिने खिळ्यावरच्या ट्रम्पेटकडे बघितलं, पण मागितलं नाही. शहाणी आहे. ते मी अजून चिंचेने घासते. माझ्यामागे तिलाच जाईल, तसं विकासला सांगून ठेवलं आहे.

ती गेल्यावर तव्याकडे लक्ष गेलं. दुसरी थापताना पहिली तशीच राहिली होती. करपून कोळसा झालेली. इतक्या वर्षांत पहिलीच. ती कुणाला वाढली नाही. दुधात कुस्करून मीच खाल्ली.