अलकाताईंचा पेपर

अभ्यासिकेच्या दारातल्या चपला एका दुपारी ओळीत लागलेल्या दिसल्या आणि मी पायरीवरच थबकलो. माझ्याकडे पोलीस भरतीची, तलाठ्याची, रेल्वेची तयारी करणारी पोरं बसतात. त्यांच्या चपला म्हणजे दारात ओतलेला ढीग. सांगून सांगून मी थकलो होतो. आत गेलो तर पहिल्या बाकावर चाळिशीकडे झुकलेली एक बाई बसली होती आणि मागे वळून एका दाढीवाल्या पोराला सांगत होती, "तुझी डावी उलटी पडलीय. जा, लावून ये." पोरगा मुकाट उठला.

"अंगनवाडीची सवय हाय, सर," त्या मला म्हणाल्या. "चपला नीट लागल्या की लेकरू निम्मं शांत हुतंय. ही बी लेकरंच की."

या अलकाताई. मिरजगावात हायवेलगत, हार्डवेअरच्या दुकानावर माझी अभ्यासिका आहे. ताई आतल्या बाजूच्या एका कोरडवाहू वाडीवरच्या. दुपारी अंगणवाडी सुटली की स्कूटीवरून यायच्या आणि दिवस मावळायच्या आत परत जायच्या. लग्न होऊन वाडीवर आल्या तेव्हा दहावी झालेल्या होत्या. आधी अंगणवाडीत मदतनीस होत्या. झाडणं, पाणी भरणं, खिचडी शिजवणं, घरोघर जाऊन मुलं गोळा करून आणणं. ते करता करता बारावी झाल्या, मग सेविका. सेविका झाल्यावर मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. प्रत्येक पायरीला कित्येक वर्षं गेली. आता वरची एकच पायरी होती, मुख्यसेविकेची. तिला सगळे सुपरवायझर म्हणतात. तिच्या हाताखाली आसपासच्या गावांतल्या अंगणवाड्या असतात. ती खरी सरकारी नोकरी. सेविकांसाठी तिच्यात काही जागा राखीव असतात, पण त्यासाठी जाहिरात निघावी लागते आणि परीक्षा द्यावी लागते. ताईंना ती परीक्षा द्यायची होती.

"कशासाठी?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"आमची सुपरवायझर येती ती वजनकाटा बघती, रजिस्टर बघती, मोबाईलमधी फोटो चढवले का बघती. लेकरांकडं बघायला तिला टाईम न्हाई. मी झाले तर आधी लेकरांत बसनार." मग म्हणाल्या, "आन खोटं कशाला बोलू, खुर्ची बी पाह्यजे. लई वर्षं खाली बसले."

हे असं सरळ बोलणं त्यांचंच. कुणी घुमवून बोलायला लागलं की म्हणायच्या, "लेकरासारखं सांगा बरं. लेकराचं पोट दुखलं तर ते पोटावर हात ठेवतंय. मोठी मानसं सगळीकडं हात फिरवत्यात." पोरं त्यांना भ्यायची आणि त्यांच्याभोवती घोटाळायचीही. त्यांचे यजमान कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवतात, सीझनभर श्रीगोंद्याकडे असतात. त्यांचा फोन आला की आवाज सगळ्या खोलीला ऐकू यायचा. "काय कलेक्टरीनबाई, झाला का अभ्यास?" ताई वहीतून डोकं न काढता म्हणायच्या, "व्हय, तुमचा ट्रॅक्टर जप्त करायची आर्डर लिवतेय."

बालविकासाचं पुस्तक मी त्यांना शिकवू शकत नव्हतो. ते त्याच मला सांगायच्या, आणि पुस्तकाशी भांडायच्या. पहिल्यांदा अंगणवाडीत आलेलं मूल रडायला लागलं तर त्याचं लक्ष खेळण्याकडे वळवावं, असं पुस्तकात होतं. "कशाला वळवायचं?" ताई म्हणाल्या. "त्याची आई गेलीय. मी मांडीवर घेऊन दारात बसते. आई गेली त्या वाटंकडं बघू देते त्याला. रडून झालं की आपनहून खाली उतरतंय." मग पेन उचललं आणि पुस्तकातल्या उत्तरावर खूण केली. "पन पेपरात हेच लिवनार. मला पास व्हायचंय."

मी स्वतः एकही परीक्षा पास झालेलो नाही. एकदा मुलाखतीपर्यंत गेलो, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत, मग वय संपलं आणि मी अभ्यासिका काढली. म्हणजे मी जे विकतो ते माझ्याकडे कधीच नव्हतं. माझ्याकडे फक्त एक वाक्य होतं. ताई दर आठवड्याला विचारायच्या, "सर, जाहिरात?" आणि मी म्हणायचो, "निघेल." आचारसंहिता उठली की निघेल. कोर्टातलं प्रकरण मिटलं की निघेल. दिवाळीनंतर नक्की. अशा कितीतरी दिवाळ्या गेल्या. मला खरंच वाटायचं का? अर्धं वाटायचं. उरलेलं अर्धं मी यासाठी म्हणायचो की ताई पहिल्या बाकावर असणं माझ्या सोयीचं होतं. एखादा पोरगा कंटाळून गावाकडे निघाला की मी पहिल्या बाकाकडे बोट दाखवायचो. "त्या बघ. घर, अंगणवाडी सांभाळून बसतात." पोरगा परत बसायचा.

मधे हायवेवर एक इंग्रजी शाळा निघाली. तिच्या मालकाने ताईंना कुठल्याशा कार्यक्रमात मुलांना सांभाळताना पाहिलं आणि नर्सरीचा सगळा विभाग तुम्ही उभा करा, म्हणून घरी निरोप पाठवला. ताई मला विचारायला आल्या. त्यांनी जेवढं सरळ विचारलं तेवढं सरळ मला बोलता आलं नाही. मी सेवाज्येष्ठतेचं सांगितलं. सेविकेची नोकरी सोडली तर राखीव जागेचा हक्क जाईल, हे सांगितलं. ते खोटं नव्हतं. "इतकी वर्षं थांबलात," मी म्हणालो, "आता काठावर येऊन माघारी फिरता?"

"मंग ऱ्हाऊ द्या," ताई म्हणाल्या, आणि वही उघडली. त्या शाळेत आज जी बाई नर्सरी बघते तिला शाळेची गाडी घ्यायला येते.

जाहिरात निघाली ती एका सकाळी माझ्या मोबाईलवर आली. सेविकांच्या जागा होत्या. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो आणि मग खाली वयाची अट वाचली. ताई त्या अटीच्या बाहेर गेल्या होत्या, फार नाही, पण गेल्या होत्या.

दुपारी त्या आल्या, चपला लावल्या, बसल्या. "काय नवीन, सर?" मी म्हणालो, "काही नाही." दुसऱ्या दिवशीही तेच. पोरांना सगळं कळलेलं होतं. कुणी त्यांच्याकडे मान वर करून बघत नव्हतं. तो आठवडा मी तसाच काढला. मग ताई यायच्या बंद झाल्या.

मी वाडीवर गेलो तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. लोक कोयते घेऊन ऊसतोडीला गेले होते, निम्म्या घरांना कुलपं. अंगणवाडीत आजी-आजोबांपाशी राहिलेली थोडी मुलं होती. ताई सतरंजीवर त्यांच्यात बसल्या होत्या. मलाही तिथेच बसवलं. एक मुलगी माझ्या घड्याळाशी खेळायला लागली.

"ताई, जाहिरात..."

"वाचली मी. निघाली त्याच दिशी वाचली."

"मग येत का होता?"

"तुमी कवा सांगता ते बघत हुते."

त्या इंग्रजी शाळेचं काढून मी माफी मागायला लागलो तर त्यांनी हात वर केला. "तुमी किती डाव नापास झाला, सर?"

"दर वेळी."

"पन कुठवर गेल्ते ते कळलं ना तुमाला? मुलाखतीपत्तूर गेला, तिथं पडला. मला तेवढं बी कळनार न्हाई. पेपरच न्हाई दिला मी. नापास झाले असते तरी चाललं असतं." मुलीच्या हातातून माझं घड्याळ सोडवत त्या म्हणाल्या, "एक काम करा. मला पेपर काढून द्या. खरा. टाईम लावून. आन खरं सांगा."

मी पेपर काढला. सोपा केला नाही. रविवारी खोली बंद ठेवून त्यांना एकट्यांना बसवलं, घड्याळ लावलं. वेळ संपली तेव्हा ताईंनी पेन ठेवलं आणि आखडलेली बोटं मोडली. "उद्या सांगा," म्हणाल्या.

संध्याकाळी मी तो तपासला. ताई पास होत्या. काठावर नाही, सहज पास. त्या जाहिरातीत त्यांची निवड झाली असती, याबद्दल इतकी वर्षं पेपर पाहिलेल्या माझ्यासारख्या माणसाला शंका घ्यायला जागा नव्हती. गणित तर सगळंच्या सगळं बरोबर होतं.

मी विचार केला. पास झालात असं सांगितलं तर ही बाई उरलेली नोकरी कुठल्या मनाने करेल? नवी सुपरवायझर येईल, तिच्यापुढे रजिस्टर धरताना दर वेळी आतून काय जळेल? नापास म्हटलं तर निदान एक दार लागेल. आपली कुवत नव्हती, म्हणून माणूस शांत होतो. मी तसाच शांत झालो होतो. इतक्या वर्षांत एकदाही वाईट बातमी तोंडावर सांगायची हिंमत मला झाली नव्हती. ती झाली तेव्हा बातमी खोटी होती.

"नाही झालं, ताई," मी दुसऱ्या दिवशी म्हणालो.

त्यांनी लगेच विचारलं, "कशात गेले?"

हा प्रश्न येईल हे मी धरलंच नव्हतं. "गणितात," मी म्हणालो. जे तोंडात आलं ते.

"गनितात," ताई म्हणाल्या. "मला वाटायचं माझं गनित चांगलंय." पेपर बघायला मागतील अशी मला भीती वाटली. पण त्या म्हणाल्या, "पेपर नगा दावू. चुका बघितल्या की मानूस तेवढ्याच दुरुस्त करतंय. मी पयल्यापासनं करते."

मला वाटलं, बोलण्यापुरतं आहे. दोन दिवसांनी दारातल्या चपला ओळीत होत्या. ताई पाचवीचं गणिताचं पुस्तक घेऊन आल्या होत्या. पाचवीचं झालं, सहावीचं झालं. आता पुढे कुठलीही परीक्षा नाही. नवी सुपरवायझर रुजूसुद्धा झाली, ताईंच्या अंगणवाडीला भेट देऊन गेली. पोरं मला बाजूला घेऊन विचारतात, "सर, ताई कशाची तयारी करतात?" मी म्हणतो, अभ्यासाला बसा.

ताईंना खरं सांगायचं मी रोज ठरवतो. तोंडाने होत नाही म्हणून हे लिहितो आहे, आणि छापून आलं तरी त्यांच्या हाती पडेलच असं नाही, हेही लिहिताना मला माहीत आहे. सांगून तरी काय देणार? नापास म्हणून त्या निदान काहीतरी दुरुस्त करताहेत. पास म्हटलं की दुरुस्त करण्यासारखं काहीच राहत नाही.

आत्ता, हे लिहिताना, ताई पहिल्या बाकावर काळ-काम-वेगाची उदाहरणं सोडवताहेत. एक झालं की वही माझ्याकडे आणतात आणि मी तपासेपर्यंत उभ्या राहतात.

"बरोबर आहे," मी म्हणतो.

"नीट बघा, सर," ताई म्हणतात. "तवा बी मला बरोबरच वाटलं हुतं."