तिच्या कागदावरचे रिकामे चौकोन

"कूस बदलली का?"

भेटली का पहिले हेच इचारे. लोक रामराम करतात, चहा झाला का म्हणतात. ही बाई वाशिमच्या बस स्टँडावर भेटो नाही त बाजारात, पहिलं बोलणं हेच. एकदा भाजीवाल्या बायांच्या मधात तिनं मले असं इचारलं, त एक म्हातारी माह्याकडं पाहातच राह्यली. तिले वाटलं मीच कुठी आजारी पडून हाय. मी म्हटलं, "माही नाही वो माय, आमच्या पेशंटची."

आमी दोघी एकाच कंपनीत कामाले होतो. लोकाच्या घरी जाऊन आजारी माणसाचं कराची कंपनी. तुमीबी पाह्यल्या असतीन अशा बाया. साडीवर निळा कोट, हातात पिशवी, अन् सकाळीच कोणाचं तरी फाटक वाजवून राह्यल्या. कंपनी आमाले केअरटेकर म्हणे. गल्लीतले लोक आयाबाई म्हणत. आमाले दोन्ही चाले.

मी दुसरीपर्यंतच शिकली. कामावर ठेवताना कंपनीच्या मॅडमनं इचारलं, "अनुभव आहे का?"

म्हटलं, हाय.

"कोणत्या दवाखान्यात?"

म्हटलं, घरीच. माहा नवरा सहा वर्षं अंथरुणावर होता. त्याचं हागणं-मुतणं, न्हाऊ घालणं, खाऊ घालणं, सगळं मीच केलं. त्याच्या आंधी लोकाच्या वावरात निंदलं, सोयाबीन सोंगलं. तो गेला, अन् त्याच्याच कामाचा मले पगार भेटाले लागला. असंबी होते.

ते तीन दिवसाचं शिकवणं मले अजून ध्यानात हाय. पलंगावर पिलास्टिकची बाहुली ठेवली होती, माणसाएवढी. आंग कसं पुसाचं ते तिच्यावर दाखवत. हिची, माह्या या जोडीदारीनीची, पाळी आली. हिनं पहिले आपले दोन्ही हात एकमेकावर घासून गरम केले. मंग बाहुलीच्या कानाशी वाकून म्हणे, "हात लावतो वो माय." सगळ्या बाया फिदीफिदी हासल्या. मॅडमबी हासल्या. "अहो, ती बाहुली आहे."

ही म्हणे, "बाहुली हाय म्हणूनच त आदत पाडून राह्यली. माणसावर कायले शिकू?"

आमाले दोघीले एकच घर भेटलं. वाशिममधेच, एक जुनी शाळामास्तरीन. आमी तिले बाई म्हणो. लकवा मारला होता. उजवी बाजू पुरी गेली, बोलणं गेलं. डावा हात चाले, डोळे चालत. पोरगा बाहेरगावी नोकरीवर, सून सकाळी बँकेत जाये ते संध्याकाळी येये. दिवसा मी, रातच्याले ती. मी सकाळी आली का ती जाये, ती संध्याकाळी आली का मी निंघो. दोन वर्षं आमी अशा दहा-दहा मिनटं भेटलो.

पण तिचं रातचं काम मले रोज सकाळी दिसे. चादरीले एक सळ नाही. बाईची नखं कापेल. पांढऱ्या केसाच्या दोन बारीक वेण्या. उशीपाशी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, हिरवी काडी. रिसोड रोडवर तिच्या घरचा भाजीपाल्याचा मळा होता, तथून येताना ती पिशवीत सांबार आणे. म्हणे, "बाईची जीभ गेली, नाक त जागेवर हाय."

आता त्या कागदाचं सांगतो.

पलंगावर पडेल माणसाले दर दोन घंट्यानं कुशीवर फिरवा लागते. नाही फिरवलं त एकाच जागी दाब पडते, चामडी लाल होते, अन् मंग तथी जखम होते. लाल जागेवर बोट दाबलं का पांढरं पडलं पाह्यजे. नाही पडलं त समजाचं, जखम धरून राह्यली. म्हणून कंपनीचा कागद होता. दर दोन घंट्याले एक चौकोन. फिरवलं का त्यात खूण कराची.

मी काय करो, सकाळी आल्या आल्याच दिवसाचे सगळे चौकोन भरून टाको. दुपारच्या घाईत मंग ध्यानात राहे नाही. अन् मॅडम कव्हाबी येत, कागदाचा फोटो काढून नेत. भरेल कागद पाहून म्हणत, "मावशी, तुमचं काम एकदम बरोबर."

तिच्या कागदावर मधात मधात रिकामे चौकोन. मॅडम एकदा माह्यासमोरच बोलल्या, "हे काय? दोनचा रिकामा, चारचा रिकामा."

"तव्हा बाईचा डोळा लागला होता जी. दोन दिवसानं झोपल्या. म्हणून नाही उठवलं."

"मग खूण तरी करायची."

"जे केलंच नाही ते कसं लिहू?"

मले तव्हा ती येडी वाटली. खरं सांगतो. मनात म्हटलं, एवढीशी त रेघ हाय, मारून टाकाव अन् मोकळं व्हाव.

त्याच साली माही कंबर धरली. बाई अंगानं भारी. एकटीनं फिरवलं का कंबरेत कळ निंघे, डोळ्यासमोर आंधारी. कंपनीले सांगाव त कंपनी म्हणन, म्हातारी झाली, घरी बस. घरी माह्या एकटीची चूल. मी नाही सांगतलं. दुपारच्याले बाईले उजव्या कुशीवर ठेवो, खिडकीकडं तोंड करून. ती बाजू मेलेली, तिले दुखणं कळत नव्हतं. मंग एक फिरवणं सुटे. कव्हा दोन सुटत. कागद त भरेलच होता.

संध्याकाळी ती आली का पहिले चादर सारून पाहे. एक दिवस बाईच्या मांडीवर चादरीचे वळ उमटेल दिसले, खोल. ती त्याच्यावर हात फिरवत राह्यली. माह्याकडं पाह्यलं नाही. नुसतं इचारलं, "मावशी, तुही कंबर दुखून राह्यली काय?"

म्हटलं, "नाही त."

दुसऱ्या दिवसापासून ती घंटाभर आंधी याले लागली. कागद पाहाची घाई नाही, चहा नाही, आल्याबरोबर म्हणे, "चाल, एक हात तिकून लाव." दोघीनं फिरवलं का बाई फुलासारखी फिरे. मी म्हटलं, एवढ्या लवकर कशी आली? म्हणे, "बस लवकर भेटली." रिसोडची बस रोज लवकर याले लागली, हे मलेच नवीन होतं.

तरी दुपार माहीच होती. अन् जखम झाली. उजव्या खुब्यावर, रुपयाएवढी.

सुनेनं पाह्यलं अन् कंपनीत फोन केला. तिचं काही चुकलं नाही, सासूसाठी जीव तुटे तिचा. संध्याकाळी मॅडम आल्या. टेबलावर दोन कागद जोडीनं ठेवले. दिवसाचा भरेल. रातचा, मधात तीन चौकोन रिकामे.

"हे बघा," मॅडम सुनेले म्हणाल्या, "रात्रीच फिरवलं नाही."

रातची ती, पदर खोचून, बाईपाशी उभी होती. बाईच्या पायावरची चादर सारखी करत राह्यली. मॅडमनं मले इचारलं, "मावशी, तुम्हाला काही सांगायचं आहे?"

मी म्हटलं, "नाही."

एवढंच. नवऱ्याच्या मागं लय दिवस काढले, लय काही सोसलं, पण त्या 'नाही'एवढं जड मी काही उचललं नाही.

तिनं कोट काढून घडी घातली. बाईजवळ गेली, "जातो वो बाई" म्हणे. बाईनं डाव्या हातानं तिचा पदर धरला. सोडेच ना. तिनं एक एक बोट हळू हळू मोकळं केलं, हात चादरीवर ठेवला, अन् गेली.

आता तुमी म्हणसान, कोणाले काय माहीत पडलं असतं? बाईले माहीत होतं. दुपारभर ती त्याच खिडकीकडं पाहून राहे, तिले नाही त कोणाले माहीत राहीन? फक्त बोलता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी वरणभाताचा घास नेला, तिनं तोंड नाही उघडलं. दुपारी नाही, संध्याकाळी नाही. रातच्या नव्या बाईच्या हातानं खाल्लं. चार दिवस असं चाललं. पाचव्या दिवशी मीच मॅडमले फोन लावला.

मॅडम म्हणाल्या, लिहून द्या. दुसरी शिकेल बाई मी, दोन ओळी लिहाले अर्धी दुपार लागली. दुपारी बाईले मी फिरवलं नाही. रातच्या बाईचा दोष नाही. खाली नाव टाकलं. मॅडमनं दोनदा वाचलं. मंग म्हणाल्या, "आधी सांगायचं ना हो, दिवसाला जोडीला कोणी दिलं असतं." मले त्या घरावरून काढलं, हलक्या पेशंटवर टाकलं. मी म्हटलं, ठीक हाय. तिले फोन लावले, तिनं उचलले नाही.

म्हणून मी जीपनं तिच्या मळ्यावर गेली. ती वांगे तोडून राह्यली होती. मले पाहून टोपलं खाली ठेवलं.

मी सगळं सांगतलं. ती म्हणे, "मले माहीत होतं."

"मंग त्या दिवशी बोलली काहून नाही?"

"बोलली असती त तू गेली असती. माह्याजवळ वांगे होते. तुह्याजवळ काय होतं, मावशी?"

मी खाली पाह्यलं. म्हटलं, "कंपनी तुले वापस बलावून राह्यली."

"बलावू दे. ज्या कागदानं मले खोटी ठरवलं, त्याच्यावर खूण कराले माहा हात आता उठत नाही."

मंग जराशानं तिनं इचारलं, "बाईची जखम कशी हाय?"

"भरून राह्यली म्हणते सून."

"आतून लाल हाय का पांढरी?"

"लाल म्हणते."

"नवं मांस धरते त जखम आतून लालच दिसते. मंग भरन," ती म्हणे. अन् तव्हा कुठी तिच्या डोळ्यातून पाणी आलं. पदरानं पुसलं, टोपलं उचललं, अन् ओळीत वाकली.

जीपवाला हॉर्न वाजवून राह्यला होता. मी जाऊन बसली. मागं वळून पाह्यलं त ती दिसत नव्हती. वांग्याची झाडं तेवढी एकामागं एक हालून राह्यली होती.